जर्मन शेफर्ड साखळीला बांधायला आणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही दिवसांत तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये सोसायटीतल्या कुत्र्यांवरून बरीच पत्रं आली, त्यात एका गृहस्थांनी जर्मन शेफर्डला सरळ हिंस्र जनावर म्हटलंय आणि असली कुत्री वस्तीत ठेवायला बंदीच घाला असं लिहिलंय. त्यांची भीती मला कळते, पण ज्यांनी हा कुत्रा फक्त गेटच्या बाहेरून बघितलाय आणि ज्यांच्या घरात तो वाढलाय त्या दोघांच्या मतात इतका फरक का पडतो हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापावं लागलं तर कापा, पण साखळीबद्दलचा भाग तेवढा राहू द्या.

आम्ही नाशिकला राहतो आणि आमच्याकडे जर्मन शेफर्डची मादी आहे, रेवा. ती यायच्या आधी घरात जेवढी माणसं तेवढी मतं होती. सासूबाईंचं म्हणणं की हा पोलिसांकडचा प्राणी, चोर पकडायचा, घरात लहान पोरं आहेत, नको. दिरांना वाटायचं की एकदा हा दारात बसला की कुलूप लावायची गरज नाही. मुलांनी रील्समध्ये बघितलं होतं की तो सांगितलेलं सगळं ऐकतो, बॉल आणून देतो, शेकहॅण्ड करतो, म्हणजे तो जणू शिकूनच येतो. आता ती पूर्ण वाढलेली आहे आणि यातलं एकही मत जसंच्या तसं उरलेलं नाही. सासूबाईच तिचं ताट कोण उशिरा देतंय यावरून आम्हाला बोलतात, दीर रात्री कुलूप लावतातच, आणि मुलांना कळलंय की शिकवल्याशिवाय ती काहीच करत नाही आणि शिकवायला रोज वेळ द्यावा लागतो.

आमच्या एकट्याचंच असं नाही. सकाळी ग्राउंडवर कुत्रे घेऊन येणारी मंडळी, डॉक्टरांकडे बाकावर बसलेली मंडळी, सगळ्यांकडून साधारण हेच ऐकते. पहिल्यांदा सगळे एकच गोष्ट सांगतात, की वाटलं होतं त्यापेक्षा हा फार मायाळू निघाला, आणि दुसरी गोष्ट लगेच येते की वाटलं होतं त्यापेक्षा हा फार वेळ खातो. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात पण ते कारण पिल्लू विकणारा कधी सांगत नाही.

रेवाचं एक सांगते म्हणजे कळेल. आमच्या घरात पॅसेजमध्ये एक जागा आहे, तिथून स्वयंपाकघराचं दार पण दिसतं आणि बाहेरचं दार पण दिसतं. तिला हॉलमध्ये गादी घालून दिलीय, ती सोडून ती त्याच फरशीवर बसते. रविवारी सगळे घरात असले आणि एक इकडे एक तिकडे असं झालं की ती उठते, एकेका खोलीत जाते, प्रत्येकाच्या हाताला नाक लावते आणि परत येऊन बसते, थोड्या वेळाने परत उठते. कुणी बाथरूममध्ये गेलं तर दाराबाहेर बसून राहते. मुलं खाली पार्किंगमध्ये पळापळी करायला लागली की ती त्यांच्या मागे न धावता बाहेरून गोल मारते आणि जो लांब जाईल त्याला खांद्याने आत ढकलते. आधी शेजारच्यांना वाटायचं अंगावर जातेय. पायाच्या घोट्याजवळ तोंड न्यायची सवय होती लहानपणी, ती मात्र आम्ही मेहनत घेऊन मोडली कारण पोरगं घाबरून पडलं तर काय.

हे सगळं तिच्या रक्तातलं आहे. जर्मनीत १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या माजी कप्तानाने कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक मेंढ्यांचा कुत्रा बघितला, तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात या जातीची संघटना काढून नोंदवहीत पहिला नंबर त्यालाच दिला. तिथली शेती बिनकुंपणाची, मेंढ्या एका पट्ट्यात चरणार आणि शेजारी लगेच उभं पीक. कुत्र्याचं काम असं की दिवसभर त्या हद्दीवरून इकडून तिकडे चालत राहायचं, मेंढी पिकात तोंड घालायला लागली की तिला आत घ्यायचं, आणि हे करताना तिला फाडायचं नाही. म्हणजे दिवसभर चालायची ताकद, कळपातल्या प्रत्येकावर लक्ष, आणि धनगराकडे बघून काय करायचं ते समजून घेणं, या तीन गोष्टींसाठी निवडून निवडून ही जात झाली. पुढे मेंढ्यांचं काम कमी व्हायला लागलं तेव्हा श्टेफानित्सनेच ही कुत्री पोलीस आणि लष्कराकडे नेली आणि आपल्याला ओळख झाली ती तिथून. पण पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठी १९१६ साली ओल्डेनबर्गला शाळा निघाली तिथेही हीच कुत्री होती, आणि अमेरिकेत १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला हाताला धरल्यासारखी भर रहदारीतून नेणारी बडी ही सुद्धा जर्मन शेफर्डचीच मादी होती. आंधळ्या माणसाच्या हातात हिंस्र जनावराची दोरी कुणी देईल का?

दिवाळीनंतर आमच्या गावाकडे, दिंडोरीच्या बाजूला, रानात मेंढ्या बसवायला धनगर येतात. एकदा रेवाला घेऊन गेलो होतो, पट्टा हातात होता. मेंढ्या दिसल्यावर मला वाटलं आता भुंकून गोंधळ घालणार, तर आवाजच नाही, कान पुढे, शेपटी खाली, आणि कळपाच्या कडेकडेने मला ओढायला लागली. मेंढ्यांजवळचे म्हातारे बाबा बघत होते, म्हणाले, "बाई, ही चावायला न्हाई बघत, वळायला बघतीया." मेंढीत आयुष्य गेलेल्या माणसाने जे एका नजरेत ओळखलं ते आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कितीही समजावून सांगितलं तरी कुणाला पटत नाही.

आता साखळीबद्दल.

आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, फार्महाऊस आहेत, प्लॉट घेऊन ठेवलेले आहेत आणि तिथे राखणीला म्हणून जर्मन शेफर्ड बांधलेले आहेत. पत्र्याची शेड, खाली खुंटा, दोन हात साखळी, एक तसराळं. सकाळी गडी येऊन भाकरी टाकतो, संध्याकाळी परत टाकतो, बाकी दिवसभर तो एकटा. माणसाजवळ राहायला तयार झालेला प्राणी माणसापासून तोडून ठेवायचा आणि ज्याला दिवसभर चालायचंय त्याला दोन हातांत फिरवायचं, यातून काय तयार होणार? समोरून दूधवाला जातो, पोरं शाळेत जातात, त्याला कुणाच्याही जवळ जाता येत नाही, वास घेता येत नाही, हा कोण आहे हे कळत नाही, नुसता ताण देत राहतो आणि गळ्यातला पट्टा आवळत राहतो. असं वर्ष दोन वर्षं गेलं की समोरून जाणारा प्रत्येक जण त्याला शत्रू वाटायला लागतो. मग एक दिवस कडी तुटते, कुणाला तरी तो चावतो, पेपरात "जर्मन शेफर्डचा हल्ला" अशी बातमी येते, आणि त्या बातमीत कुत्रा कुठे बांधलेला होता, किती दिवस, कुणी फिरवत होतं का, यातलं एक अक्षर नसतं. चावा खाल्लेल्या माणसाचं दुःख खरंच आहे, मी ते कमी लेखत नाही, पण त्या कुत्र्याला तसं कुणी केलं हे विचारलंच गेलं नाही तर पुढच्या प्लॉटवर पुढचा कुत्रा तसाच तयार होणार.

आणि हे सगळं आपल्याकडे कायद्यात लिहिलेलं आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की प्राण्याला फार वेळ, फार आखूड किंवा फार जड साखळीला बांधून ठेवणं हा गुन्हा, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकाने व्यायाम न देणं हा पण गुन्हा. म्हणजे कुत्र्याचं नाव घेऊन लिहिलंय हो त्यात. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वीची रक्कम तशीच आहे, मग कोण घाबरणार आणि कोण तक्रार करायला जाणार. जर्मनीत, जिथून ही जात आली, तिथे आता कुत्रा कायम बांधून ठेवायला बंदी आहे.

बंदी मागणाऱ्या वाचकांना एक सांगायचंय. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारने धोकादायक म्हणून २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालायचं परिपत्रक काढलं होतं, त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हता. आणि ते परिपत्रकही पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. सोसायटीला बहुमताने ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलेलं आहे. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून आपण कसंही वागावं असं मी म्हणत नाही. पूर्ण वाढलेला नर ३० ते ४० किलोचा असतो, खांद्यापर्यंत ६० ते ६५ सेंटीमीटर, आणि लिफ्टचं दार उघडल्यावर तो समोर दिसला तर ज्याला सवय नाही तो माणूस दचकणारच, त्याला "काही करत नाही तो" असं सांगून उपयोग नाही. आम्ही लिफ्टमध्ये कुणी असेल तर थांबतो, ती रिकामी झाली की जातो. पट्ट्याशिवाय खाली आणत नाही, शी उचलतो, रेबीजची लस दरवर्षी, महापालिकेचं लायसन्स काढलेलं आहे. ज्यांच्या कुत्र्याचा स्वभाव तापट आहे त्यांनी बाहेर नेताना तोंडाला जाळी घालावी, त्यात कमीपणा काही नाही. तो चावला तर जखम मोठी होते, हे या कुत्र्याच्या मालकाने कधीच विसरता कामा नये.

दुसरीकडे जे लोक हौसेने किंवा गेटवर शोभेल म्हणून पिल्लू आणायला निघालेत त्यांनाही सांगायचंय. विकणारा सांगतो डबल कोट आहे, हेवी बोन आहे, शो क्वालिटी आहे, पेपर्स आहेत. विचारायचं ते हे, की आईबापाच्या खुब्याचे एक्सरे काढलेत का, कारण खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार या जातीत खूप आहे आणि जर्मनीत या जातीच्या मूळ संघटनेत एक्सरे केल्याशिवाय प्रजननाची परवानगीच मिळत नाही. मागच्या बाजूला फार उतरती पाठ म्हणजे भारी कुत्रा असं आपल्याकडे मानतात, मला ते बघवत नाही, चालताना मागचे पाय लटपटत असतात बिचाऱ्यांचे. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याची, नोंदणी लागते, तरी महिन्याची पिल्लं खोक्यात घालून विकतात आणि आपण घेतो. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू, त्यात पार्वो या जीवघेण्या विषाणूची साथ, काहींना तर घरी आणून आठवडाही मिळत नाही. जे जगतं ते सहा महिन्यांत पंचवीस किलोच्या आसपास जातं, चपला, सोफा, चार्जर काही ठेवत नाही, आणि वर्ष दीड वर्षाचं झालं की ऐकेनासं होतं, कारण तेव्हा ते वयात आलेलं असतं आणि रोजचा दीड दोन तासांचा व्यायाम आणि डोक्याला काम मागत असतं. नेमकं याच वयात लोक कंटाळतात. "कुणी घेतंय का, फुकट देतोय, शेतावर चालेल" असे मेसेज ग्रुपवर येतात तेव्हा कुत्रा बहुतेक याच वयाचा असतो, आणि शेतावर म्हणजे कुठे ते वर लिहिलंच आहे.

आपल्या हवेत त्याला सांभाळणं हे पण वेगळं काम आहे. अंगावर दोन थर केसांचे, वर्षभर गळतात आणि ऋतू बदलताना तर रोज विंचरलं तरी गोळे निघतात. उन्हाळा आला की लोक सगळे केस काढून टाकतात, तसं करू नका, ते केस उन्हापासूनही वाचवतात. पहाटे आणि रात्री फिरवायचं, एप्रिल मे मध्ये दुपारी डांबरावर आपण अनवाणी उभं राहून बघा मग त्याला न्या. पावसाळ्यात गोचीड. रेवा एका पावसाळ्यात अचानक जेवायची थांबली, नुसती पडून राहायची, हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट फार खाली गेलेल्या, गोचिडाचा ताप. वेळेत औषध मिळालं म्हणून वाचली. तेव्हापासून रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली बोटं फिरवून बघायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय, चष्मा लावून बसतात आणि ती पण एक एक पंजा पुढे करते. शेतावर शेडमध्ये बांधलेल्याच्या अंगावर हात कोण फिरवणार? आम्ही तर बघितलेत, कानाला द्राक्षाच्या घोसासारख्या गोचिडी लटकलेल्या असतात.

द्राक्षावरून लक्षात आलं, आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचं आहे, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, किडनी बंद पडू शकते. बागेत पडलेले मणी खायला देऊ नका. आणि पोटभर खाल्ल्यावर लगेच पळवू नका, छाती खोल असलेल्या या कुत्र्यांचं पोट फुगून आतल्या आत पिळा पडतो, त्यात काही तासांत जीव जातो, पोट ढोलासारखं झालं आणि उलटीचा नुसता उमाळा येतोय पण काही पडत नाहीये असं दिसलं की सकाळची वाट बघत बसू नका.

ज्यांना वाटतं की हा कशालाच घाबरत नाही त्यांनी दिवाळीत यावं आमच्याकडे. पहिली लड वाजली की रेवा बाथरूममध्ये बादलीच्या मागे जाऊन बसते आणि कुणीतरी जवळ बसल्याशिवाय तिचं थरथरणं थांबत नाही. कितीतरी कुत्री त्या दिवसांत घाबरून पळून जातात आणि हरवतात, आणि जी बांधलेली असतात त्यांना पळताही येत नाही.

तुमच्याकडे माझं मागणं असं आहे. कुत्रा चावल्याची बातमी छापाल तेव्हा जातीचं नाव छापताय तर तो बांधलेला होता का, त्याला लस होती का, लायसन्स होतं का हे पण वार्ताहराला विचारायला सांगा. महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी लायसन्स देताना नुसती लस न बघता कुत्रा कुठे ठेवणार हे एकदा जाऊन बघावं, बागांच्या प्लॉटवर तर नक्कीच. कलम ११ चा दंड वाढवायचा प्रश्न आमच्या भागातल्या आमदार खासदारांनी वरपर्यंत न्यावा. आणि ज्यांच्या शेडमध्ये आत्ता या क्षणी असा कुत्रा बांधलेला आहे त्यांना हात जोडून सांगते, बागेला कुंपण असेल तर रात्री त्याला मोकळा सोडा, नसेल तर लांब तारेवर सरकणारी दोरी तरी लावा, सावली आणि पाणी दिवसभर राहील असं बघा, आणि घरातल्या कुणीतरी एकाने, गड्याने नाही, रोज सकाळ संध्याकाळ त्याला घेऊन बांधाबांधाने चालून या. पहिले काही दिवस तो ओढेल, उड्या मारेल, कदाचित तुम्हाला पाडेल पण, तरी न्या. तेवढंही जमणार नसेल तर राखणीला कॅमेरा लावा.

आपली,
एक वाचक, नाशिक